विहिरीवरचे इंजिन जीपमध्ये बसेल का?

पाटोद्याच्या एका माध्यमिक शिक्षकांनी विचारलेला प्रश्न असा. त्यांच्या शेजाऱ्यांनी एक जुनी पेट्रोल जीप स्वस्तात घेतली. गाडी दणकट आहे, पण पेट्रोल परवडत नाही. विहिरीवर वीज आल्यापासून ५ अश्वशक्तीचे एक डिझेल इंजिन गोठ्यात पडून आहे. ते जीपमध्ये बसवून देतो, असे गावातला लेथवाला म्हणतो. आठवीच्या वर्गात ही गोष्ट निघाली तेव्हा मुलांत दोन तट पडले. काही म्हणाली, ५ अश्वशक्तीवर जीप हलणारही नाही. दुसरी म्हणाली, डिझेलला ताकद जास्त असते, ट्रॅक्टर नाही का चालत? शिक्षकांनी विचारले, यात बरोबर कोण?

दोन्ही तटांचे थोडे थोडे बरोबर आहे, आणि दोन्ही तट ज्याचा विचार करत नाहीत तो भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. हा प्रश्न नुसत्या मतावर सोडू नये. गुणाकार-भागाकार आणि नववी-दहावीचे भौतिकशास्त्र एवढ्यावर तो सोडवता येतो.

प्रथम रस्ता पाहू. पाटोदा बालाघाटच्या पठारावर आहे. मांजरा नदी याच तालुक्यात उगम पावते. पठारावरचा रस्ता बराचसा सपाट, पण सौताड्याजवळ पठार संपते आणि रस्ता जामखेडच्या बाजूला खाली उतरू लागतो. सौताड्याचा धबधबा याच कडेवरून पडतो. म्हणजे इथल्या गाडीला सपाटी, चढ आणि उतार या तीनही परीक्षा द्याव्या लागतात. घाटाचा चढ सोयीसाठी १५ला १ असा धरू, म्हणजे १५ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. माणसांसह जीपचे वस्तुमान १५०० किलोग्रॅम धरू.

चढावर गाडीला मागे खेचणारे बल म्हणजे वजनाचा पंधरावा भाग. १५०० ला ९.८ ने गुणून १५ ने भागले की ९८० न्यूटन येतात. शिवाय चाकांचे लोटण घर्षण आहे. साध्या डांबरी रस्त्यावर ते वजनाच्या सुमारे २ टक्के धरता येते, म्हणजे २९४ न्यूटन. एकूण १२७४ न्यूटन. वेग कमी असल्याने हवेचा विरोध येथे सोडून देऊ.

आता इंजिन. आपल्याकडे विहिरीवर वर्षानुवर्षे दिसणारे किर्लोस्करचे एव्ही-१ इंजिन घ्या. अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेतही ते असते. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची धाव ११० मिलिमीटर, संपीडन गुणोत्तर १६.५, फेरे मिनिटाला १५००, शक्ती ५ अश्वशक्ती म्हणजे ३.७ किलोवॅट. व्यास आणि धाव यांवरून आकारमान काढायला मुलांना सांगावे. ५५३ घनसेंटिमीटर येते. गिअर, डिफरन्शियल वगैरेंत १५ टक्के शक्ती वाया जाते असे धरले, तर चाकांपाशी सुमारे ३.१ किलोवॅट उरतात. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. तेव्हा ३१०० भागिले १२७४, म्हणजे सेकंदाला सुमारे २.४ मीटर, अर्थात ताशी ९ किलोमीटर.

याचा अर्थ जीप हलेल. घाटसुद्धा चढेल. पहिला तट हरला. पण थांबा. हे गणित फक्त शक्तीचे झाले, आणि शक्तीचे गणित नेहमी थोडे आशावादी असते. हव्या त्या वेगाला हवा तो गिअर उपलब्ध आहे, असे ते गृहीत धरते. प्रत्यक्षात जीपच्या गिअरपेटीत जेवढे दात कापलेले आहेत तेवढेच गिअर मिळतात.

जुन्या विलिस बनावटीच्या सीजे-३बी जीपचे आकडे घेऊ. हीच जीप महिंद्र कंपनीने आपल्याकडे दीर्घकाळ बनवली. तिच्या आसाचे म्हणजे डिफरन्शियलचे गुणोत्तर ५.३८. गिअर तीन: पहिला २.७९८, दुसरा १.५५१, तिसरा सरळ १. शिवाय चारही चाके जोडली की मिळणारा जास्तीचा ‘लो’ गिअर, त्याचे गुणोत्तर २.४६. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरू. मग एका फेऱ्यात गाडी २.२ मीटर पुढे जाते.

येथे टॉर्कची ओळख करून घ्यायला हवी. मराठीत त्याला पीळ म्हणू. स्क्रू-ड्रायव्हर फिरवताना हात लावतो तो पीळ. बल गुणिले त्रिज्या, एकक न्यूटन-मीटर. शक्ती म्हणजे पीळ गुणिले फिरण्याचा वेग. मेकॅनिक ज्याला ‘पिकअप’ म्हणतात त्यात पीळ, शक्ती आणि गाडीचे हलकेपण या तिन्हींची खिचडी असते, म्हणून वर्गात तो शब्द टाळलेला बरा. चढावर चाकांना लागणारा पीळ १२७४ गुणिले ०.३५, म्हणजे ४४६ न्यूटन-मीटर. आपले इंजिन १५०० फेऱ्यांना ३.७ किलोवॅट देते, म्हणजे त्याचा पीळ अवघा २३.६ न्यूटन-मीटर.

पहिल्या गिअरमध्ये इंजिनाकडून किती पीळ लागेल? ४४६ ला ५.३८, २.७९८ आणि ०.८५ यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर ३५. आपल्याकडे २३.६ आहे. इंजिन बंद पडेल. ‘लो’ टाकून दुसऱ्या गिअरमध्ये? २५.६ लागतात, थोडक्यात हुकले. ‘लो’ टाकून पहिल्या गिअरमध्ये १४ लागतात, हे जमते. पण या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांना गाडीचा वेग होतो ताशी ५.४ किलोमीटर. बैलगाडीपेक्षा जरा बरा. शक्तीने ९ सांगितले होते, गिअरने ५.४ वर आणले. सपाटीवर हीच गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २४ किलोमीटरने निवांत जाईल.

मग बारामतीला बनणाऱ्या ॲपे या तीनचाकी मालगाडीत कित्येक वर्षे याहून लहान, एकाच सिलिंडरचे डिझेल इंजिन असे, ती कशी पळत होती? तिचे इंजिन मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास फेरे करू शके, म्हणून तेवढ्याच आकारमानातून जास्त शक्ती मिळे. गाडी जीपच्या निम्म्याहून हलकी. आणि मुख्य म्हणजे गिअरपेटी त्या इंजिनासाठीच आखलेली. विहिरीवरच्या इंजिनाचे काम वेगळे आहे. पंपाचा बोजा कायम तेवढाच, फेरे कायम १५००, आणि ते तसेच राहावेत म्हणून त्याला गव्हर्नर बसवलेला. बारा-बारा तास एका जागी, एका वेगाने चालणे हा त्याचा स्वभाव. असे इंजिन लाकडी सांगाड्यावर चढवून केलेले उत्तरेकडचे ‘जुगाड’ प्रसिद्ध आहेत. तेही ओझे ओढतात, पण सपाट मुलखात.

दुसऱ्या तटाचे म्हणणे होते की डिझेलला ताकद जास्त. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून जीपच्याच इतिहासाकडे जाऊ. तिथे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर आणि जाणत्या माणसांच्या हातून झालेला आहे.

महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून पुढची बरीच वर्षे तिच्यात २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. त्याच्या आधीच्या रूपाची शक्ती ४००० फेऱ्यांना ६० अश्वशक्ती, पीळ २००० फेऱ्यांना सुमारे १४२ न्यूटन-मीटर. संपीडन गुणोत्तर जेमतेम साडेसहा. नंतरच्या सुधारित रूपात शक्ती ७० च्या वर गेली. (त्या काळचे अमेरिकन आकडे पंखा वगैरे काढून ठेवलेल्या उघड्या इंजिनाचे असत, म्हणून ते जरा उतरवूनच वाचावेत.) हे इंजिन गुळगुळीत चाले, पण पेट्रोल पिई. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते चालवणे अवघड झाले, आणि डिझेलचा शोध सुरू झाला.

डिझेल इंजिन तयारच होते, पण ट्रॅक्टरमध्ये. १९६३ साली स्थापन झालेली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी मुंबईत बी-२७५ हा ट्रॅक्टर बनवत असे. ही कंपनी १९७७ मध्ये महिंद्रमध्ये विलीन झाली. त्या घराण्यातले एमडी-२३५० हे इंजिन जीपमध्ये आले. नावातला आकडा म्हणजे आकारमान. सिलिंडर चार, व्यास ३ पूर्णांक ३ अष्टमांश इंच, धाव ४ इंच. हिशेब केला की २३४६ घनसेंटिमीटर येतात. पुढे कमांडर, मार्शल या गाड्यांत आलेल्या २५२३ घनसेंटिमीटरच्या इंजिनाचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि धाव १०१.६ मिलिमीटर. हे विचित्र आकडे २५.४ ने भागून पाहा. साडेतीन इंच आणि चार इंच! मेट्रिक कपडे घातले तरी ट्रॅक्टरचे कूळ लपत नाही.

ट्रॅक्टरच्या इंजिनाचे फेरे मुद्दाम कमी ठेवलेले असतात, मिनिटाला दोन हजारांच्या आसपास. समजा ते इंजिन जसेच्या तसे, ३५ अश्वशक्तीचे, जुन्या पेट्रोल जीपमध्ये बसवले. पेट्रोल जीप ४००० फेऱ्यांना तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ९८ किलोमीटर जाई. ट्रॅक्टरचे इंजिन २२०० फेऱ्यांवर थांबले तर हीच जीप ताशी ५४ किलोमीटरवर थांबेल. शक्ती शिल्लक असेल, पण फेरे संपलेले असतील. घाटात मात्र ही जीप मार खाणार नाही. ३५ अश्वशक्ती म्हणजे २६ किलोवॅट; १८७५ फेऱ्यांना पीळ होतो १३२ न्यूटन-मीटर. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ९८ लागतात. म्हणजे ३५ अश्वशक्तीची डिझेल जीप हा चढ ताशी ४६ किलोमीटरने वरच्या गिअरमध्येच चढेल, आणि ६० अश्वशक्तीची पेट्रोल जीप पुढे का जात नाही असे बघणाऱ्याला वाटेल. ‘डिझेलला ताकद’ या समजाचे मूळ इथे आहे.

पण पुढची पायरी पाहा. १९८० च्या दशकात महिंद्रच्या जीपमध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आले. २११२ घनसेंटिमीटर, ४५०० फेऱ्यांना ६२ अश्वशक्ती, २००० फेऱ्यांना १२१ न्यूटन-मीटर. हे मोटारगाडीचे इंजिन होते, ट्रॅक्टरचे नव्हे, म्हणून फेऱ्यांची अडचण मिटली. आता त्याचा पीळ जुन्या पेट्रोल इंजिनाच्या १४२ शी ताडून पाहा. डिझेलचा पीळ कमी आहे! टर्बो नसलेले डिझेल इंजिन त्याच आकारमानाच्या पेट्रोल इंजिनापेक्षा जास्त पीळ देत नाही. त्याची खरी कमाई वेगळी आहे: तेवढेच काम ते कमी इंधनात करते.

का, हे सांगायला सायकलचा पंप पुरतो. तोंडावर बोट ठेवून दट्ट्या जोरात दाबला की पंप गरम लागतो. डिझेल इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या भागात दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या हवेत फवारलेले डिझेल ठिणगीवाचून पेट घेते. पेट्रोल इंजिनात इंधन आधीच हवेत मिसळलेले असते. ते इतके दाबले तर वेळेआधीच भडकेल. म्हणून जुन्या जीपचे संपीडन साडेसहावर अडले होते. संपीडन गुणोत्तर जितके मोठे, तितका उष्णतेतला मोठा हिस्सा कामात बदलतो. आदर्श इंजिनाचे सूत्र लावले तर साडेसहाला ५३ टक्के आणि साडेसोळाला ६७ टक्के अशी वरची मर्यादा येते. प्रत्यक्षातले आकडे याच्या निम्म्याजवळ असतात, पण फरकाची दिशा तीच.

दुसरे कारण कमी सांगितले जाते आणि गाडीच्या दृष्टीने ते तितकेच मोठे आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात लागतात, म्हणून शक्ती कमी करायची तर हवाच कमी करावी लागते. त्यासाठी हवेच्या वाटेत थ्रॉटल नावाची झडप असते. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ती जवळजवळ मिटते, आणि इंजिन नाक दाबून श्वास घेऊ लागते. त्या ओढाताणीत शक्ती खर्च होते. डिझेल इंजिनाला ही झडप लागत नाही. हवा पोटभर घ्यायची, आणि डिझेल मात्र लागेल तेवढेच फवारायचे. गाडी बहुतेक वेळ अर्ध्या-पाव शक्तीवरच चालते, आणि नेमकी तेव्हाच ही बचत होते. शिवाय लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के ऊर्जा जास्त असते, हेही हिशेबात धरावे.

परंतु पेट्रोल इंजिन काढून ठेवले की त्याच्याबरोबर तीन गोष्टी निघून जातात. त्या इंजिनाच्या माहितीपत्रकात लिहिलेल्या नसतात आणि लेथवालाही बहुधा सांगत नाही.

पहिली, मऊपणा. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये स्फोटाच्या वेळी ६० बारच्या आसपास दाब सहज होतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ६० किलोग्रॅम. आपल्या विहिरीवरच्या इंजिनाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर. म्हणजे बशीहून लहान दट्ट्यावर तीन टन भार, सेकंदाला साडेबारा वेळा. विहिरीवर हे इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बोल्टने आवळलेले असते, ते उगाच नाही. जीपच्या चौकटीत हेच हादरे माउंटिंगच्या रबरांवर, क्लच प्लेटवर, गिअरच्या दातांवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर पडतात. त्या वस्तू चार सिलिंडरच्या मवाळ इंजिनासाठी बनवलेल्या आहेत. इंजिन आणि गिअरपेटी जोडायला मध्ये जाड पोलादी ॲडॉप्टर प्लेट लागते. तिच्यात दोन्ही शाफ्टचे मध्य मिलिमीटरच्या अंशानेही चुकले तर बेअरिंग काही महिन्यांत बोलू लागते. लेथवाल्याचे कौशल्य या प्लेटवर ओळखावे. आणि जड इंजिनाने पुढचे पाटे बसले, तर स्टिअरिंगही बदलते.

दुसरी गोष्ट निर्वात. थ्रॉटल मिटली की इंजिनाच्या नळीत हवेचा दाब वातावरणाच्या तिसऱ्या भागापर्यंत उतरतो. ही फुकटची ओढ अनेक गाड्यांत वापरलेली असते. जुन्या जीपगाड्यांचा वायपर तिच्यावर चाले. नंतरच्या गाड्यांत ब्रेकचा पेडल हलका करणारा सर्व्हो तिच्यावर चालतो. डिझेलला थ्रॉटल नाही, म्हणून ही ओढ नाही. कारखान्यातून येणाऱ्या डिझेल गाडीत त्यासाठी वेगळा निर्वात-पंप असतो, बहुतेकदा अल्टरनेटरच्या पाठीला. अदलाबदलीत तो राहून गेला, आणि गाडीला सर्व्हो असला, तर ब्रेक एकाएकी दगडासारखा लागतो.

तिसरी गोष्ट उतारावर कळते, आणि माझ्या मते सगळा प्रश्न इथे आहे.

सौताड्याकडून खाली उतरणारी आपली १५०० किलोग्रॅमची जीप ताशी ३० किलोमीटरने चालली आहे. गुरुत्वाकर्षण तिला ९८० न्यूटनने पुढे ढकलते, त्यातले २९४ लोटण घर्षण खाते. उरलेल्या ६८६ न्यूटनचे त्या वेगाला ५.७ किलोवॅट होतात. वेग वाढू द्यायचा नसेल तर एवढी शक्ती कुणीतरी सतत गिळली पाहिजे. एक तर ब्रेक, नाही तर इंजिन.

पेट्रोल जीप दुसऱ्या गिअरमध्ये असेल तर चाके इंजिनाला सुमारे १९०० फेऱ्यांनी फिरवतात. थ्रॉटल मिटलेली, म्हणजे इंजिन आता उलटा पंप झाले आहे. दाबातला फरक ०.७ बार धरला तर २.२ लिटरचे इंजिन केवळ या श्वासाच्या ओढाताणीत सुमारे २.४ किलोवॅट गिळते, आणि अंतर्गत घर्षणात आणखी काही. ब्रेकचे जवळजवळ निम्मे काम झाले. डिझेलमध्ये काय होते? पुन्हा सायकलचा पंप घ्या. तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या दाबा आणि सोडा. तो उसळून परत येतो. डिझेल इंजिन हवा दाबताना जी ऊर्जा घेते, तिचा बहुतेक भाग दट्ट्या परत येताना गाडीला परत करते. त्याचे घर्षण पेट्रोलपेक्षा थोडे जास्त असते, त्यामुळे काही तूट भरून निघते. पण लहान इंजिनात घर्षणही लहानच. याच कारणाने जड डिझेल ट्रकांना घाटासाठी धूर अडवणारा वेगळा एक्झॉस्ट ब्रेक बसवतात.

मग सगळा भार ब्रेकवर. घाटाची उंची समजा १५० मीटर, म्हणजे सव्वादोन किलोमीटरचा रस्ता. या उतारात २२ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. लोटण घर्षण वजा जाता १५ लाखांवर ज्यूल उरतात. चारही ड्रमचे लोखंड मिळून ३० किलोग्रॅम धरले, आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता ४६० धरली, तर ड्रमचे तापमान साडेचार मिनिटांत सुमारे ११० अंशांनी वाढते. हे एकवेळ चालेल. पण आपल्याकडे जीपमध्ये किती माणसे बसतात, हे सर्वांना ठाऊक आहे. टपावर आणि पायरीवर धरून वजन २५०० किलोग्रॅम झाले तर ही वाढ १८५ अंशांच्या पुढे जाते. गरम ड्रम फुगतो, ब्रेकचे अस्तर निसरडे होते, जुने ब्रेक-ऑइल ओलावा धरून असेल तर त्याची वाफ होते आणि पेडल थेट फळीला टेकतो.

विहिरीवरच्या इंजिनाची गोष्ट तर आणखी पुढची. चढ चढायला त्याला ‘लो’चा पहिला गिअर लागला होता, १५०० फेऱ्यांना ताशी ५.४ किलोमीटर. त्याच गिअरमध्ये उतरताना गाडी सुटून ताशी २० वर गेली तर इंजिनाचे फेरे होतात ५५०० च्या वर. गव्हर्नर काय करेल? तो डिझेल तोडेल. पण फेरे आता डिझेलमुळे नाहीत, चाकांमुळे आहेत. गव्हर्नर इंधन थांबवू शकतो, उतार थांबवू शकत नाही. १५०० साठी बनवलेले जड फ्लायव्हील ५५०० ला फिरवणे म्हणजे ते फुटण्याची वाट पाहणे, आणि त्याचे तुकडे चालकाच्या पायांच्या पातळीवर उडतात.

ट्रॅक्टर-इंजिनाच्या बाबतीतही एक सापळा आहे. ताशी ५४ किलोमीटर पुरत नाहीत म्हणून मालक डिफरन्शियल बदलून घेतो. समजा ५.३८ च्या जागी ४ केले. वेग ५४ वरून ७२ वर गेला, सगळे खूश. पण तोच चढ चढायला तिसऱ्या गिअरमध्ये आता ९८ ऐवजी १३१ न्यूटन-मीटर लागतात, आणि इंजिनाजवळ १३२ आहेत. एक माणूस जास्त बसला की गिअर उतरवावा लागतो. आणि उतारावर, त्याच वेगाला इंजिनाचे फेरे चतुर्थांशाने कमी, म्हणजे जी काही इंजिनाची रोख होती तीही घटली. सपाटीवर मिळवलेला वेग घाटात दोन्ही बाजूंनी वसूल होतो. कारखान्याने इंजिन बदलले तेव्हा त्याबरोबर आसाचे गुणोत्तर, क्लच, पाटे, ब्रेक यांचाही विचार करता येत होता. गावातल्या अदलाबदलीत बहुधा एकच वस्तू बदलते.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. वेगळ्या इंधनावर चालण्यासाठी करायच्या बदलालाही विहित अटी आहेत. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. ज्याचा नंबर पुस्तकात नाही असे इंजिन बसवलेल्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळते. तेव्हा लेथवाल्याकडे जाण्याआधी परिवहन कार्यालयात लेखी विचारावे.

आणि बचत किती, हेही आजच्या भावाने मोजावे. पेट्रोल आणि डिझेलच्या भावांत पूर्वी फार मोठी दरी होती, ती बऱ्याच अंशी सरकारने राखलेली होती. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, आणि दरी अरुंद झाली. डिझेलची बचत आता मुख्यतः इंजिनाच्या कार्यक्षमतेतून येते. म्हणजे लिटरमागे गाडी किती जादा किलोमीटर जाते, वर्षात किती किलोमीटर फिरते, आणि प्लेट, क्लच, माउंटिंग यांचा खर्च किती, या तीन आकड्यांचा भागाकार.

वर्गासाठी एक काम सुचवतो. वरच्या सगळ्या गणितात १५ला १ हा चढ मी धरून चाललो आहे. तुमच्या रस्त्याचा खरा चढ मुलांना मोजता येईल. दहा मीटर पारदर्शक नळी घ्यावी, गवंड्याकडे लेव्हल काढायला असते तशी. तीत पाणी भरावे, हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. दोन मुलांनी रस्त्याच्या कडेला, मोजपट्टीने मोजून आठ मीटर अंतरावर, प्रत्येकी एक सारखी खुणा केलेली उभी काठी धरावी आणि नळीची टोके काठ्यांना लावावीत. दोन्हीकडची पाण्याची पातळी ज्या खुणांवर येते त्यांतला फरक म्हणजे आठ मीटरमधली चढण. घाटाच्या वळणावर हे करू नये. शाळेजवळचा एखादा चढ पुरे. मग तो आकडा १५ च्या जागी घालून सारे गणित पुन्हा करावे, शेजाऱ्यांच्या जीपचे खरे वजन घालून. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ते मिळू शकेल.